उजेड होता ना?

१२ जून २०२५ च्या दुपारी अहमदाबादचे विमान पडल्याची बातमी टीव्हीवर सुरू झाली आणि तासाभरात गावाहून मामूंचा फोन आला. त्यांनी सलाम केला, पण नेहमीसारखी घरातल्या एकेकाची खैरियत विचारली नाही. एवढेच म्हणाले, "उजेड होता ना?"

"होता मामू. दुपारचे दीड-पावणेदोन वाजले होते."

"मग? उजेड होता तर मग कसे पडले?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. आमच्या घरात कुणाला वाटला नाही. विमान पडते ते अंधारात, हे आमच्या घरात सत्तेचाळीस वर्षे गृहीत धरलेले आहे. तो अंधार १ जानेवारी १९७८ च्या रात्रीचा. त्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, एकूण २१३ माणसे. एकही वाचले नाही.

तेव्हा आम्ही माहीमला दोन खोल्यांत राहत होतो. अब्बा, अम्मी, आम्ही चार भावंडे, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आलेले नाना. शिवाय पाहुणे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावांतून त्या काळी घरटी एक तरी माणूस आखाताच्या वाटेवर असे. आधीच्या पिढ्या जहाजांवर गेल्या. कुणी सारंग, कुणी खलाशी, कुणी भंडारी. आमचे नाना सुकाणी होते, तीस वर्षे त्यांनी परक्या कंपन्यांच्या बोटींची सुकाणे धरली. पुढे तेलाचा पैसा आला आणि पोरे समुद्राऐवजी वाळवंटाकडे वळली. एजंटकडे खेटे, पासपोर्ट, एनओसी, डॉक्टरी तपासणी, असे करत करत माणूस मुंबईत दोन-दोन महिने अडकून पडे. ज्याला जमातीच्या खोलीत जागा मिळत नसे तो आमच्याकडे येई. अम्मीच्या तांदळाच्या डब्याचा तळ महिनाअखेरीच्या आधीच दिसे, पण तिने कधी कुणाला नाही म्हटल्याचे आठवत नाही.

त्या डिसेंबरात दोघे आले होते. एक आमचे मामू, वय सव्वीस, फिटर. दुसरा त्यांचा दोस्त, खाडीपलीकडच्या गावचा, वेल्डर. त्यांना आम्ही दोस्तमामूच म्हणत असू. दोघांना एकाच कंपनीत काम मिळाले होते. दोस्तमामूंचे तिकीट १ तारखेचे होते आणि मामूंचे त्यानंतर आठ दिवसांनी. दोघांनी मिळून जायचे ठरवले होते, पण कागद मागेपुढे आले. एवढेच. यात कुणाला काही इशारा वगैरे मिळाला नव्हता. नंतर पुष्कळांनी सांगितले की अम्मीला आदल्या रात्री स्वप्न पडले होते. अम्मी म्हणते, मला कसले स्वप्न पडणार, मी भाकऱ्या थापून थकलेली असायची.

ते विमान खरे तर पहाटेचे होते. पंखाला पक्षी आपटून काही मोडले होते, ते दुरुस्त करण्यात वेळ गेला आणि निघणे संध्याकाळवर गेले. त्यामुळे दोस्तमामूंना आमच्या घरी एक दिवस जादा मिळाला. रविवार होता. आम्हाला शाळा नव्हती. सकाळी त्यांनी अम्मीच्या गळक्या स्टोव्हची टाकी खाली उतरवली, गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाग द्यायचे सामान मागून आणले आणि तिला असा डाग दिला की तो स्टोव्ह पुढे गॅस येईपर्यंत चालला. दुपारी मटणाचे कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. जेवून झाल्यावर त्यांनी आम्हा चौघांना ओळीने बसवले आणि दुबईहून काय आणायचे ते विचारून एका चिठ्ठीवर लिहून घेतले. धाकट्याने विमान सांगितले. चावीचे.

अब्बा आणि मामू त्यांना टॅक्सीने सांताक्रूझला सोडून आले. इशाची नमाज झाली, जेवायला बसलो. नानांच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी होती. ते मधूनमधून विचारत, "किती वाजले?" आम्ही सांगत होतो. एकदा ते म्हणाले, "चला, आता निघाला असेल." मामू हसून म्हणाले, "आता त्याला खाणे देत असतील, ट्रेमधले." आम्हाला ट्रे म्हणजे काय ते माहीत नव्हते, म्हणून ते हाताने दाखवू लागले. त्या वेळी विमान समुद्राच्या तळाशी होते की नुकतेच उडत होते, याचा हिशोब आम्ही मोठे झाल्यावर पुष्कळदा करून पाहिला. नेमके जमत नाही. घड्याळाकडे फक्त आम्ही मुलेच पाहत होतो, आणि आम्ही नीट पाहिले नव्हते.

बातमी गल्लीतून आली. मग रेडिओवर आली.

दुसऱ्या दिवशी अब्बा आणि मामू पायीच माहीमचा कॉजवे ओलांडून वांद्र्याच्या किनाऱ्यावर गेले. आमच्यातल्या थोरल्या दोघांना त्यांनी का नेले, देव जाणे. बँडस्टँडच्या खडकांवर माणसेच माणसे होती. कुणी बोलत नव्हते. सगळे समुद्राकडे बघत होते आणि समुद्र रोजच्यासारखाच होता. ओहोटी होती. लांबवर बोटी फिरताना दिसत होत्या. मामू एका खडकावर बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत.

दोस्तमामू सापडले नाहीत. गावाला तार गेली. आम्ही कोकणी शाफई मसलकाचे, आमच्यात गायबाना जनाजाची नमाज जायज आहे. मय्यत समोर नसतानाही ती पढता येते. शुक्रवारी जुम्यानंतर त्यांच्या गावच्या मशिदीत ती झाली, खाडी ओलांडून आमच्या गावचेही लोक गेले. बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा असतो असे इमामसाहेबांनी सांगितले. सगळ्यांनी मान डोलावली. त्यांच्या अम्मीने मात्र नाही. ती बाई जहाजी माणसांच्या घरात जन्मली, जहाजी माणसांच्या घरात दिली. तिचा बाप बोट फुटून तीन महिन्यांनी परत आला होता. ती म्हणे, "समुद्राने आमची माणसे परत दिलेली आहेत." शबे-बरातला सगळे कब्रस्तानात जात, दिवे लावत. ती एकटी जेटीवर जाऊन बसे. पुढे बरीच वर्षे.

आता मामूंचे सांगायचे. मामूंचे तिकीट आठ दिवसांवर आले होते. तीच कंपनी, तोच मार्ग, तीच रात्रीची वेळ. अम्मीने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, दुसऱ्याच दिवशी त्यांचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात तळाशी लपवला. आम्ही तो लपवताना पाहिले होते. "बोललात तर जीभ कापीन," असे तिने आम्हाला बजावले. मामूंनी सगळे घर उलथेपालथे केले, पेटी तीनदा उपसली. आम्ही चौघे गप्प. मामू रडकुंडीला आले होते, आणि आम्हाला उत्तर माहीत होते.

तिचे चुकत होते असे म्हणता येत नाही. पण तिसरी बाजूही होती. एजंटला द्यायला नानांनी पंधरा कलमे गहाण टाकली होती. नानीचे दागिने पेढीवर होते. एनओसीची मुदत होती. मामू गेले नाहीत तर पावसाळ्यात ती कलमे जाणार होती. अब्बा या वादात पडले नाहीत. जावयाने सासऱ्याच्या घरातल्या गोष्टीत बोलू नये, असे त्यांचे मत होते. आणि त्या रात्री घरात कुणीच कुणाशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी आमच्यातल्या धाकट्याने नानांच्या कानात सांगून टाकले. पाच वर्षांचे पोर, त्याला पोटात काही ठेवता येत नसे. नानांनी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनीच स्वयंपाकघर गाठले, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पासपोर्ट काढला. तांदळाचा भुगा झटकला. अम्मी म्हणाली, "बाबा, त्याला पाठवू नका." नाना म्हणाले, "मी पाठवत नाही, मी अडवत नाही. त्याच्या हातात देतो." आणि दिला.

मामू गेले. गेल्यावर दीड महिन्याने त्यांची कॅसेट आली. त्या काळी आखातातून पत्रापेक्षा कॅसेट येत, सगळे घर टेपभोवती बसून ऐके. त्यात त्यांनी सगळ्यांना सलाम सांगितला, उन्हाळ्याचे सांगितले, कंपनीच्या खोलीतल्या बारा खाटांचे सांगितले. आणि मग थोडे थांबून म्हणाले, की विमान धावपट्टी सोडून वर उठले तशी मी दुआ पढायला घेतली, पण पढता येईना, म्हणून आकडे मोजले. खिडकीतून किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते. ते संपले आणि पुढे काहीच नव्हते. वर-खाली सगळे एकच काळे. मी दीडशेपर्यंत मोजले आणि मग दुआ आठवली.

ते दिवे संपले आणि पुढे काहीच नव्हते, हे वाक्य आम्ही तेव्हा नुसते ऐकले. सगळा अपघात त्या वाक्यात होता हे कळायला आम्हाला मोठे व्हावे लागले.

सुरुवातीला सगळीकडे घातपाताचीच चर्चा होती. किनाऱ्यावरच्या काही लोकांनी स्फोट पाहिल्याचे सांगितले होते. आमच्या गल्लीतही ज्याच्या त्याच्याकडे एक बॉम्ब होता. पण समुद्रातून जे अवशेष निघाले त्यांत स्फोटाची किंवा आगीची खूण नव्हती. विमानातली नोंद करणारी यंत्रेही वर काढली गेली आणि त्यांतून शेवटची दोन मिनिटे उलगडली.

विमानाच्या कॉकपिटमध्ये एक गोल उपकरण असते. त्याला कृत्रिम क्षितिज म्हणू. वरचा भाग आकाशाचा, खालचा जमिनीचा, मध्ये रेघ. विमान उजवीकडे कलले की रेघ कलते, सरळ झाले की सरळ होते. दिवसा वैमानिक खिडकीबाहेर खरे क्षितिज पाहू शकतो. रात्री समुद्रावर ते नसते. तो पौर्णिमेनंतरचा आठवा दिवस होता, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. किनाऱ्याचे दिवे मागे पडल्यावर समोर मामूंनी पाहिला तोच काळोख.

जंबोमध्ये अशी तीन क्षितिजे होती. कॅप्टनसमोर एक, सहवैमानिकासमोर एक, आणि मध्ये एक राखीव. किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे थोडे वळण घेतले, मग ते सरळ झाले. पण कॅप्टनसमोरचे क्षितिज सरळ झाले नाही. ते विमान अजून उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. कॅप्टन मदनलाल कुकर ५१ वर्षांचे, १८ हजारांच्या आसपास तास उडवलेले. त्यांनी उजवा कल काढण्यासाठी विमान डावीकडे वळवले. क्षितिज हलेना. आणखी डावीकडे. विमान कुशीवर गेले, नव्वद अंशांच्याही पलीकडे कलले, आणि नाक खाली करून समुद्रात शिरले. उंची दोन हजार फुटांच्या आतच होती. सावरायला जागाच नव्हती. उड्डाणापासून सगळे मिळून १०१ सेकंद. त्याच्या थोडेच आधी कंट्रोल टॉवरशी बोलताना विमानातून नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या गेल्या होत्या.

आपल्या उपकरणाचे काहीतरी बिघडले आहे हे कॅप्टनने बोलून दाखवले होते, तेही ध्वनिमुद्रणात आहे. सहवैमानिकाला आपलेही क्षितिज कोलमडल्यासारखे वाटले. त्याचे क्षितिज बहुधा खरेच दाखवत होते, विमान एका अंगावर गेले आहे म्हणून. पण सत्य इतके वेडेवाकडे होते की ते बिघाडासारखे दिसले. फ्लाइट इंजिनिअरने अगदी शेवटी, त्या उपकरणावर जाऊ नका, असे सांगितले. तोवर उशीर झाला होता. म्हणजे तीनपैकी एकच क्षितिज खोटे होते.

हे आम्हाला नानांनी समजावले असते तर अधिक बरे समजले असते. नाना १९८४ साली गेले. पण त्यांनी अपघातानंतरच्या त्याच आठवड्यात, चौकशी वगैरे काही व्हायच्या आधी, एक गोष्ट सांगितली होती. रात्री सुकाणावर उभे राहिले की अंगाला वाटते बोट एका बाजूला चाललीय. होकायंत्र दुसरेच सांगते. नवा सुकाणी अंगाचे ऐकतो आणि बोट भरकटवतो. जुना होकायंत्राचे ऐकतो. आम्ही विचारले, आणि होकायंत्रच खोटे बोलत असले तर? नाना म्हणाले, म्हणून तर बोटीवर दुसरे होकायंत्र असते, आणि शेजारी दुसरा माणूसही असतो. मग जरा वेळाने म्हणाले, "पण बोटीवर विचारायला वेळ असतो."

आमच्यातली थोरली पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागली. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांचा धडा आला की ती एका मुलाला डोळे बांधून फिरत्या खुर्चीवर बसवते आणि खुर्ची हळूहळू, एकाच वेगाने फिरवते. थोड्या वेळाने मूल म्हणते, थांबली. खुर्ची फिरतच असते. मग ती खुर्ची खरेच थांबवते, तर मूल म्हणते, आता उलटी फिरतेय. वर्ग हसतो. नळ्यांतला द्रव हळू बदल टिपत नाही, एवढेच त्यामागचे शास्त्र. हसण्यासारखेच आहे ते, वर्गात. थोरली तेव्हा हसत नाही, असे तिची मुले आम्हाला सांगतात.

सरकारी चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की क्षितिजदर्शक बिघडल्यावर कॅप्टनला विमानाच्या स्थितीचे भानच राहिले नाही आणि त्यांनी सुकाणूवर विसंगत, तर्काला न धरून हालचाली केल्या. इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरणे कर्मचाऱ्यांना जमले नाही. तर्काला न धरून. हा शब्द आम्हाला पहिल्यापासून बोचतो. आपल्या डोळ्यांसमोरचे यंत्र उजवा कल दाखवते आहे म्हणून माणूस डावीकडे वळवतो, यात तर्क नाही असे कसे म्हणावे? तर्क तर ठाम होता. तो ज्याच्यावर उभा होता तेच खोटे होते. पण आम्ही यातले जाणकार नाही. आणि खाडीपलीकडच्या त्या आईला असे म्हणून दाखवायची आमची हिंमतही झाली नसती.

मृतांच्या काही नातेवाइकांनी अमेरिकेत विमान बनवणाऱ्या बोइंगवर आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला होता. सिएटलच्या न्यायालयात न्यायाधीश जेम्स फिट्झजेराल्ड यांनी १ नोव्हेंबर १९८५ रोजी १३९ पानी निकाल दिला आणि कंपन्यांवरचा हलगर्जीपणाचा आरोप फेटाळला. म्हणजे यंत्र बिघडले, पण यंत्रवाले दोषी नाहीत. माणूस चुकला, आणि माणूस समुद्रात. ही बातमी मामू सुटीवर आले असताना घरी वाचली गेली. मामूंनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "त्याच्याही घरी कुणी डबा उघडून बसले असेल." कॅप्टनबद्दल म्हणाले ते. गावात तोवर कॅप्टनविषयी कुणी चांगले बोललेले आम्ही ऐकले नव्हते. काय वाटेल ते लोक बोलत, त्यातले इथे लिहिण्यासारखे नाही.

असेच विमान पुन्हा एकदा पडले. २२ डिसेंबर १९९९ ची संध्याकाळ, इंग्लंडमधले स्टॅन्स्टेड. कोरियन एअरचे मालवाहू जंबो, अंधार, ढग. कॅप्टनसमोरचे क्षितिज बिघडलेले. ते आदल्या फेरीतच बिघडल्याची तक्रार नोंदवली होती, जमिनीवर दुरुस्तीही झाली, पण जी झाली ती भलत्याच जागी. उडाल्यावर डावे वळण घ्यायचे होते, कॅप्टन वळवत राहिला आणि क्षितिज हलेना. दोन क्षितिजांत फरक पडला की वाजणारा इशारा वाजत होता. फ्लाइट इंजिनिअर विमान कलत असल्याचे बोलला. सहवैमानिकासमोरचे क्षितिज खरे दाखवत होते. तो बोलला नाही. मिनिटभरात विमान जमिनीवर कोसळले आणि आतली चारही माणसे मेली.

तो का बोलला नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले. वडीलधाऱ्यापुढे तोंड उघडायचे नाही, अशी तिकडची रीत म्हणून. वाचताना आम्हाला वाटले, तिकडची कशाला? २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली, त्यानंतर हाताखालच्या माणसाने बोलावे कसे आणि वरच्याने ऐकावे कसे, याचे शिक्षण वैमानिकांना देण्याची सुरुवात झाली. म्हणजे त्या नव्या वर्षाच्या रात्री जगात असे शिक्षण नव्हतेच. आणि आमच्या घरात? पासपोर्ट कुठे आहे हे आम्हा चौघांना ठाऊक असताना मामू पेटी उपसत होते, तेव्हा बोलले फक्त एक पाच वर्षांचे पोर.

बोलले ते बरे झाले की वाईट, हे आम्ही आजही ठरवू शकलेलो नाही. मामूंनी तिकडे बावीस वर्षे काढली. कलमे सुटली, दागिने सुटले, दोन बहिणींची लग्ने झाली, आमच्या थोरलीचे डी.एड. त्यांच्याच पैशांवर झाले. त्यांच्या स्वतःच्या मुलाने त्यांना आठव्या वर्षी पहिल्यांदा 'बाबा' म्हटले, तोवर तो त्यांना पाहुणा समजत असे. दोस्तमामूंच्या अम्मीला ते दर सुटीत भेटायला जात. तिने त्यांना कधी विचारले नाही की तू कसा राहिलास. फक्त एकदा म्हणाली, "तू वरून गेलास तेव्हा खाली बघितलेस का?"

तर अहमदाबाद. मामूंना आम्ही जुलैमध्ये, प्राथमिक अहवाल आला तेव्हा, पुन्हा फोन केला. लंडनला निघालेले विमान, आत २४२ माणसे, त्यांतला एक वाचला. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडले, जेवणाची वेळ, तिथेही माणसे गेली, मिळून २६०. त्या विमानाचा क्रमांक १७१. मामूंना दुसरे एक १७१ आठवत होते. १२ ऑक्टोबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचे मद्रासला निघालेले कॅरव्हेल विमान सांताक्रूझहून उडताच इंजिन निकामी होऊन, पेट घेऊन पडले होते, ९५ माणसे गेली. तेही १७१ च. आकड्यांत काही नसते, आम्ही म्हणालो. काही नसते, मामूही म्हणाले.

मग आम्ही सांगितले, की जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच, एकामागून एक, सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असे अहवालात आहे. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारले, तू का बंद केलेस. दुसरा म्हणाला, मी नाही केले. दहाएक सेकंदांत स्विच पुन्हा चालू स्थितीत आले, पण इंजिनांना ताकद धरायला वेळ उरला नाही. उड्डाणापासून ३२ सेकंद.

"विचारले?" मामू म्हणाले. "एकाने दुसऱ्याला विचारले?"

"हो."

"आणि टीव्हीवाले काय म्हणतात?"

टीव्हीवाले काय म्हणत होते ते आम्ही सांगितले. अहवालात स्विच कसे हलले याचे कारण दिलेले नव्हते, कुणावर ठपकाही नव्हता. पण टीव्हीवर त्याच संध्याकाळी खटला चालून निकालही लागला होता. मामू बराच वेळ बोलले नाहीत. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विषय बदलला, या वर्षी मोहोराला तुडतुड्याने धरले होते म्हणून आंबा कमी झाला, ते सांगू लागले.

मामूंचा नातू आता दुबईला एका हॉटेलात अकाउंट्स बघतो. सुटी संपवून परत जाताना तो आमच्याकडे मुक्काम करतो. आमचे घर आता मुंब्र्याला आहे. विमान रात्रीचेच असते. अम्मी ब्याऐंशीची आहे, तिला ऐकू कमी येते, पण विमान सुटायची वेळ ती त्याच्याकडून दोनदा विचारून घेते. त्या वेळी ती पलंगावर उठून बसते, समोर भिंतीवरचे घड्याळ. बोटांवर तसबीह चालू असते. काटा दोनदा फिरला की आमच्याकडे बघते आणि म्हणते, "झाली दोन मिनिटे. चहा टाका."